मुथियानीच्या रानातला चर

मंगळवारचा बाजार करून बाया परतल्या तेव्हा नदीत खड्डा पडलेला होता.

बंधाऱ्यापासून तीस पावलांवर, जिथं वाळू सगळ्यांत खोल साचली होती नेमक्या त्याच जागी, कुणीतरी दोन ट्रक वाळू उचलून नेली होती. खड्ड्याच्या तळाशी घोटाभर पाणी उघडं पडलं होतं आणि उन्हात चमकत होतं. कावाता डोक्यावरचं गाठोडं न उतरवताच काठावर उभी राहिली. मुलुती नदीत सप्टेंबर महिन्यात, पाऊस अजून दोन महिने लांब असताना, उघडं पाणी दिसलं असतं तर पूर्वी लोक नाचले असते. आता ती मनातल्या मनात दिवस मोजू लागली. वाळूच्या खाली असलेलं पाणी उन्हाला सापडत नाही, म्हणून तर ते वाळूत साठवलं होतं. उघड्यावर आलेलं आठ-दहा दिवसांत उडून जाणार होतं.

"चाकांच्या खुणा बघ," मागून आलेली म्बिथे म्हणाली. "कुणाच्या रानातून उतरल्यात ते बघ."

बघायची गरज नव्हती. नदीत ट्रक उतरेल अशी वाट एकच होती. बाकी दोन्ही काठ खडकाचे आणि पुरुषभर उंच. ती वाट मुथियानीच्या रानातून येत होती, आणि मुथियानी हा कावाताचा थोरला दीर.

बंधारा बांधून तीन वर्षं झाली होती. त्याआधी क्याकातू गावाचा पाऊस बिघडत बिघडत अशा थराला आला होता की नोव्हेंबरचा सगळा पाऊस आठ दिवसांत कोसळायचा, नदी लाल होऊन धावायची, आणि नाताळच्या आत पुन्हा कोरडी ठणठणीत. मग गाढवं आणि पिवळे कॅन घेऊन पाण्याला जायला अडीच तास, यायला तीन. एका संस्थेनं पाठवलेला किथोमे नावाचा इंजिनिअर आला, तो याच भागातला, कमी बोलणारा. चार दिवस तो पहार घेऊन नदीत खडक ठोकत फिरला. मग म्हणाला, इथं आडवी भिंत घाला. पूर येईल तो भिंतीमागं वाळू टाकून जाईल, वाळू भरली की तिच्या पोटात पाणी राहील. गावातले पुरुष हसले होते. वाळू साठवायला भिंत बांधणारी गावं त्यांनी पाहिली नव्हती. पण बायांची म्वेथ्या होती, म्हणजे एकमेकींच्या रानात पाळीपाळीनं राबणारी सावड. त्या एकेचाळीस जणींनी हातोहात दगड पोचवून एका उन्हाळ्यात भिंत उभी केली. संस्थेनं सिमेंट आणि सळया दिल्या. वाळू भरायला दोन पावसाळे गेले. आणि गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदा, वाळूत कोपरभर झिरा खोदला की पाणी लागलं. काठानं भाजी आली, तूर तगली, कावातानं आंब्याची अकरा रोपं लावली.

त्याच सावडीनं उतारावरच्या रानांत समतल चर खणले, पाणी जागच्या जागी मुरावं म्हणून. एकट्या मुथियानीनं खणू दिले नव्हते. माझ्या रानात बायका खड्डे पाडणार नाहीत, असं तो म्हणाला होता.

कावाता संध्याकाळी त्याच्याकडे गेली. त्याच्या घराच्या भिंतीला नवे कोरे पत्रे टेकवून ठेवलेले होते. तिची नजर तिकडं गेलेली त्यानं पाहिली आणि तोच आधी बोलला.

"वाट माझी आहे, कासिवाची आई. माझ्या वाटेनं कोण जातं ते मी ठरवीन."

"वाटेबद्दल कोण बोलतंय, भाऊजी? वाळू गेली की पाणी गेलं. तुमच्या गुरांचंही."

"नदीत वाळू कधी संपली आहे का? पूर आला की पुन्हा येईल."

"पूर कधी येईल ते तुम्हाला माहीत आहे? गेल्या खेपेला किती दिवस उशिरा आला?"

त्यानं एक पत्रा भिंतीला सरळ करून टेकवला. मग आवाज न चढवता त्यानं तिला एवढीच आठवण करून दिली की ती जी दोन एकर कसते ती कागदावर अजून त्याच्या नावानं आहेत. भाऊ वारला तेव्हा त्यानं तिला हाकललं नाही, हा त्याचा मोठेपणा. कावाता उठली. तिला रागापेक्षा भीती जास्त वाटली, कारण तो धमकी देत नव्हता. खरं तेच सांगत होता.

बुधवारी सकाळी ती कचेरीत जाऊन आली. तिथल्या माणसानं सांगितलं की वाळूवाल्याकडे शिक्क्याचा कागद आहे, तो खरा की खोटा हे वरचे साहेब सांगतील, आणि साहेब सोमवारी भेटतील. सोमवारपर्यंत नदीत काय उरणार हे त्यालाही कळत होतं. त्यानं मान खाली घातली.

ती परत येऊन रानात काम करत होती तेव्हा वाळूवाला स्वतःच मोटरसायकलवरून आला. मावेऊ त्याचं नाव. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी गोड. त्यानं तिच्या आंब्याच्या रोपांचं कौतुक केलं, कुठून आणली विचारलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही शहाण्या आहात म्हणून सांगतो. ट्रकसमोर जाऊन बसायचं वगैरे तुमच्या मनात असेल तर काढून टाका. पलीकडच्या नदीवर एक मास्तर बसले होते. माझी काही चूक नाही हं, ड्रायव्हरला दिसलेच नाहीत. आता कुबडीवर चालतात."

"ट्रक कधी येणार आहे?" कावातानं विचारलं.

तो हसला. "उद्या उजाडताना. लपवायचं काय त्यात?"

तो गेल्यावर तिनं कुदळ बाजूला ठेवली. ती बांधावर बसली. तिला मास्तर माहीत होते. त्यांच्याच शाळेत तिची मुलगी कासिवा चौथीपर्यंत शिकली होती.

दुपारी बाभळीखाली सावड बसली. बसून अडवायचं म्हणणाऱ्या होत्या, पण मास्तरांची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी तो विचार सोडला. एकीनं सुचवलं, बंधाऱ्यापाशी पहारा ठेवू. दुसरी म्हणाली, पहारा ठेवून काय करणार, मोजणार? कावाता त्या उताराच्या वाटेकडं बघत होती. ट्रक रिकामा असताना खाली येतो. भरला की त्याच वाटेनं वर चढावं लागतं.

"ट्रकला येऊ द्यायचं," ती म्हणाली. "पण जाऊ द्यायचं नाही. आपण आडवं बसायचं नाही. आडवा चर बसेल."

सगळ्यांना लगेच कळलं. तीन वर्षांत त्यांनी एवढे चर खणले होते की कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पण रान मुथियानीचं. न विचारता दुसऱ्याच्या जमिनीत कुदळ घातली तर तुरुंगात जाऊ, असं दोघीतिघी म्हणाल्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. कावातानं कुणालाही शपथ घातली नाही. ज्यांना यायचं त्यांनी कोंबडं आरवल्यावर या, न येणारीला कुणी बोल लावायचा नाही, एवढंच ती म्हणाली. तिच्या स्वतःच्या दोन एकरांचं काय होईल हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. रात्रभर ती त्याचाच विचार करत पडून राहिली.

उजाडता उजाडता एकोणीस जणी आल्या. एकेचाळीसांतल्या एकोणीस.

ट्रक खाली उतरला. त्याचा आवाज नदीत जाऊन थांबला, मग फावड्यांचा खरखराट सुरू झाला. उतारावर वाट वळते तिथं एक मोठं झाड आडवं येतं. खालून वरचं दिसत नाही. त्या वळणाच्या वर म्बिथेनं पातळी बघायची पाणसळीची दोरी धरली. दोन हात रुंद, कमरेएवढा खोल, वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. माती वरच्या अंगाला टाकायची, नेहमी टाकतात तशीच.

जमीन दगडासारखी झाली होती. पहिला एक वीतभर थर फोडायलाच अर्धा तास गेला. खाली सहा माणसं ट्रक भरत होती, आणि सहा माणसांना ट्रक भरायला किती वेळ लागतो हे कावाताला ठाऊक नव्हतं. दीड तास? की त्याहून कमी? तिनं ठरवलं, एका वेळी दहाजणींनी खणायचं, बाकीच्यांनी माती ओढायची, आणि दमली की न बोलता बदलायचं. कुणी बोलत नव्हतंच. कुदळीचा आवाज खाली पोचू नये म्हणून काही करता येत नव्हतं. फक्त फावड्यांचा आवाज थांबला की त्याही हात थांबवायच्या आणि पुन्हा सुरू झाला की सुरू करायच्या.

चर गुडघाभर झाला होता तेव्हा वळणावरून एक माणूस वर आला. हमालांपैकी एक, तिशीचा, कंबरेपर्यंत उघडा, वाळूनं माखलेला. लघवीला आडोसा शोधत आला असावा. बायांना बघून तो जागीच थांबला. दहाही कुदळी थांबल्या.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं.

म्बिथेनं कंबरेवर हात ठेवला. ती सत्तरीची होती आणि तिला कुणाचीच भीड नव्हती.

"चर खणतोय. तुझ्या गावाला खणत नाहीत?"

"भर रस्त्यात?"

"पाणी रस्ता बघून वाहतं होय रे?"

तो चराकडे बघत राहिला, मग त्या सगळ्यांकडे. त्याच्या तोंडावरून काहीच कळेना. मग तो वळला आणि आला तसा खाली गेला. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. आता तो सांगणार. आता सगळे फावडी घेऊन वर येणार. कावाता म्हणाली, "खणा," आणि पहिली कुदळ तिनं मारली.

कुणी वर आलं नाही. चर मांडीपर्यंत गेला, मग कमरेच्या जवळ. सूर्य झाडाच्या वर आला तेव्हा खाली इंजिन सुरू झालं.

बाया चराच्या वरच्या बाजूला, मातीच्या ढिगामागं उभ्या राहिल्या. भरलेला ट्रक वळणावर आला. ड्रायव्हरनं समोरचा चर बघितला, हे कावातानं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट पाहिलं. तो थांबला. काचेतून त्यानं फोन कानाला लावला, काहीतरी ऐकलं, फोन खाली ठेवला. मग इंजिनाचा आवाज एकदम चढला.

"सरका," म्बिथे ओरडली. सगळ्या बाजूला पळाल्या. कावाता पळाली नाही. पुढं लोक तिला धीराची बाई म्हणू लागले, पण ती स्वतः म्हणायची की धीर वगैरे काही नव्हता, पाय उचललेच नाहीत. ट्रकचं नाक तिच्या समोर मोठं मोठं होत आलं आणि एकदम खाली गेलं. पुढची दोन्ही चाकं चरात बसली. सगळा ट्रक हादरून एका अंगाला कलला आणि वरची वाळू धो धो ओसंडली. वाळूवर बसलेले दोघे हमाल तिच्याबरोबर खाली आले. एक उडी मारून सुटला. दुसरा चराच्या कडेवर आदळला आणि त्याच्यावर वाळू पडत राहिली.

इंजिन बंद पडलं. नुसती वाळू घसरण्याचा आवाज येत होता.

सगळ्यांत आधी कावाताच धावली. तिनं हातांनी वाळू उपसली. तोच होता, मघाशी वर आलेला. डोळे उघडे होते. डावा खांदा जिथं असायला हवा तिथं नव्हता. माझ्यामुळे मेला, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. मी खणलेल्या खड्ड्यात मेला.

"नाव काय तुझं?" ती विचारत राहिली. "ए बाबा, नाव काय?"

"म्विन्झी," तो म्हणाला. मग, "पाणी."

पाणी होतं. त्यांनी पहाटेच झिऱ्यातून दोन कॅन भरून आणले होते. म्बिथेनं त्याचा हात अंगावरच्या कापडानं छातीशी बांधला, गाढवाची गाडी जुंपली आणि ती स्वतः त्याला घेऊन दवाखान्याकडे निघाली. जाताना तिनं कावाताला सांगितलं, "मरणार नाही. खांदा गेलाय, माणूस आहे. तू इथून हलू नकोस."

मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते खणण्यापेक्षा वाईट होतं.

ड्रायव्हर केबिनमध्ये काचा लावून बसला. उरलेले हमाल सावली शोधून बसले. त्यांच्यातला एकजण बायांना घाणेरड्या शिव्या देत होता, पण ऊन चढलं तसा तोही गप्प झाला. त्यांच्याकडं प्यायला पाणी नव्हतं. भरून निघून जायचं म्हणून आणलंच नव्हतं. बाया म्हणाल्या, राहू दे तसेच, कळू दे पाणी म्हणजे काय ते. कावातानं पेला भरला आणि स्वतः नेऊन दिला. शिव्या देणाऱ्यानं तीन पेले पाणी प्यायलं आणि तिच्या तोंडाकडं न बघता पेला परत केला. तिला चांगुलपणा दाखवायचा नव्हता. तिला भीती वाटत होती की आज आणखी कुणी पडेल.

दुपार कलायच्या आत मावेऊ आला. त्याच्याबरोबर कोयते घेतलेले दोघे आणि एक हवालदार होता. हवालदार वयस्क होता, तापलेल्या बुटांत पाय भाजल्यासारखा चालत होता. त्यानं आधी ट्रकला फेरी मारली, मग चरात काठी घालून खोली बघितली.

"हा सापळा आहे," मावेऊ म्हणाला. आता तो गोड बोलत नव्हता. "माणूस मारायला रचलेला सापळा. माझा माणूस दवाखान्यात पडलाय. ही बाई यांची म्होरकी. परक्याच्या जमिनीत घुसून, रस्ता फोडून. लिहून घ्या, साहेब."

"खणलं कुणी?" हवालदारानं विचारलं.

"मी," कावाता म्हणाली.

मागून आवाज आले, मीही, मीही. हवालदारानं हात वर केला. "एवढ्या जणींना न्यायला माझ्याकडं गाडी नाही. जमीन कुणाची?"

"मुथियानीची," मावेऊ म्हणाला. "तो आलाच बघा. विचारा त्यालाच. वाट त्यानं मला दिलीय, नुसती तोंडी नाही, साक्षीदार ठेवून."

मुथियानी रानातून काठी टेकत येत होता. त्याच्यामागं त्याची सहा गुरं होती. त्यातली तांबडी गाय लंगडत होती आणि तिचे पुढचे गुडघे सोलवटलेले होते. कावातानं त्याच्याकडं बघितलं नाही. तिला दिसत होती तिची दोन एकरं, तूर, अकरा रोपं. कासिवाच्या शाळेचं काय, असा विचारही येऊन गेला. आता हा म्हणेल, हो, माझी जमीन, यांनी चोरून खणली. बस, एवढं एक वाक्य पुरे होतं.

हवालदारानं त्याला विचारलं, "बाबा, हे रान तुमचं?"

"माझ्या बापाचं. आता माझं."

"या बायांना इथं खणायला तुम्ही सांगितलं होतं?"

मुथियानी चराच्या कडेला गेला. वाकून त्यानं आत बघितलं, काठीनं तळ चाचपला, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. मावेऊनं दोनदा घसा खाकरला.

"सांगितलं होतं," मुथियानी म्हणाला. "आज सावडीत माझी पाळी होती. पण खणलाय कसा बघा. त्या टोकाला चार बोटं उथळ आहे. सगळं पाणी तिकडून पळून जाईल." तो कावाताकडं वळला, आवाजात नेहमीचाच तुसडेपणा. "दोरी कुणी धरली होती?"

"म्बिथेनं," कावाता कशीबशी म्हणाली.

"तरीच. तिला दिसतं कुठं?"

"अरे, तू मला वाट दिली होतीस," मावेऊ ओरडला. "पत्रे उतरवून घेतलेस."

"वाट दिली होती," मुथियानी म्हणाला. "नदी दिली नव्हती. नदी माझी नाही, देऊ कुठून? पत्रे घेऊन जा तुझे. आजच जा घेऊन, माझ्या भिंतीला ओरखडे पडतायत."

हवालदारानं डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. मग त्यानं ड्रायव्हरला खाली उतरवून विचारलं, की एवढी उकरलेली माती आणि कमरेएवढा खड्डा दिसला नाही का. ड्रायव्हरनं मावेऊकडं बघितलं. दिसला होता, तो म्हणाला. तेवढं पुरलं. आपल्या रानात चर खणणं गुन्हा नाही, चर दिसत असून ट्रक त्यात घालणं हा ज्याचा त्याचा मूर्खपणा, आणि वाळूचा कागद सोमवारी साहेबांना दाखवावा, तोवर या नदीत फावडं घालू नये, असा हवालदारानं निवाडा केला. तो काही मोठा न्यायी माणूस होता असं कुणी म्हणणार नाही. त्याला उन्हातून घरी जायचं होतं.

कोयतेवाले दोघं मावेऊच्या तोंडाकडं बघत होते. तो क्षण कावाताला त्या दिवसातला सगळ्यांत लांब वाटला. मावेऊनं तिला एकदा नीट न्याहाळून घेतलं, चेहरा पाठ करावा तसं, आणि मोटरसायकलला किक मारली.

भरलेला ट्रक चरातून निघणं शक्य नव्हतं. हमालांनीच वाळू उतरवायला सुरुवात केली. बायांनी घमेली घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळी वाळू ओळीनं खाली नदीत नेऊन खड्ड्यात टाकली. मुथियानीनं बैल जुंपले, चरावर फळ्या टाकल्या आणि रिकामा ट्रक ओढून काढला.

हवालदारापुढं तो खोटं का बोलला, हे कावातानं विचारलं तिसऱ्या दिवशी, त्याच्याकडं दूध आणायला गेली तेव्हा. त्यानं गाईच्या गुडघ्याला तेल लावता लावता सांगितलं. गुरुवारी सकाळी गुरं रोजच्या झिऱ्यावर नेली, तर तिथं झिराच नव्हता, मंगळवारच्या खड्ड्याकडं सगळी वाळू ढासळून गेलेली. तांबडी वास काढत पुढं गेली आणि कड सुटून गुडघ्यावर पडली. उठली नाही. तशीच कोरड्या वाळूत तोंड घालून चोखत राहिली. "मी तिला शेपटी धरून ओढत होतो," तो म्हणाला, "आणि ती वाळू चोखत होती." जमिनीच्या कागदाचं दोघांपैकी कुणीच काढलं नाही, आणि ते आजही तसंच आहे.

मंगळवारी गेलेली दोन ट्रक वाळू काही परत आली नाही. ऑक्टोबरात झिरा छातीपर्यंत खोदावा लागला. काठची भाजी बायांनी सोडून दिली, तुरीला आणि गुरांना पाणी पुरवलं. पाऊस नोव्हेंबरच्या अकरा तारखेला आला, तोवर पाणी टिकलं. कसंबसं, पण टिकलं. वाळूच्या कागदाचं पुढं काय झालं ते कळलं नाही, मावेऊचे ट्रक दुसऱ्या कुठल्या नदीवर गेले. पण जाण्याआधी एका सकाळी कावाताला आपली अकराही आंब्याची रोपं बुंध्यापासून कापलेली सापडली. कुणी कापली ते सिद्ध करता आलं नसतं. एवढं सगळं होऊन ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली, आणि बांधावर बसून बराच वेळ रडली.

म्विन्झीला बघायला ती दोनदा गेली. तो दोन डोंगर पलीकडं राहायचा. खांदा वाकडा जुळला होता, फावडं उचलणं आता होणार नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिनं विचारलंच, की तू आम्हाला बघून गेलास ते ड्रायव्हरला का नाही सांगितलंस.

"सांगितलं की," तो म्हणाला. "तो म्हणाला, बायांनी खणलेला खड्डा तो केवढा असणार."

कावाताला हसू आलं नाही. ती त्याच्या खांद्याकडं बघत होती, आणि तिथं बघायचं टाळताही येत नव्हतं. त्याची बायको दारात आली, कॅन डोक्यावर, पाणी आणायला चार तास लागले म्हणाली. मग म्विन्झीनं, जरा अडखळत, विचारलं की त्यांच्याही ओढ्याला भिंत घालता येईल का. तिथं खडक आहे असं म्हातारे म्हणतात.

"म्हातारे म्हणतात ते नंतर," कावाता म्हणाली. "पहार आहे घरात?"

होती. ते तिघं ओढ्यात उतरले. किथोमे करायचा तशी ती दहा-दहा पावलांवर थांबून पहार आपटत आणि कान देऊन ऐकत वर वर गेली. म्विन्झी एका हातानं झुडपं बाजूला सारत होता. दोन ठिकाणी आवाज बद्द आला, खाली नुसता मुरूम. तिसऱ्या ठिकाणी खणकन वाजलं, पण पुढं चार पावलांवर पुन्हा बद्द.

"इथं नाही," ती म्हणाली. "खडक तुटलाय. पाणी खालून निघून जाईल."

"मग?"

"मग आणखी वर जाऊ. अजून ऊन आहे."